एका सरोवराकाठची शिरगणती

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहराच्या पश्चिमेस सुमारे 75 किलोमीटरवर, लाक सेंट ॲन नावाचे एक उथळ, विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठची वस्ती विखुरलेली आहे. कुठे चार घरे, मग मैलभर रान, पुढे सुट्टीत येणाऱ्यांच्या बंगल्यांची ओळ, एका अंगाला नाकोटा लोकांची राखीव वसाहत, तर दुसरीकडे संत ॲनाचे तीर्थस्थान. येथे माणसे राहतात तरी किती? प्रश्न साधा दिसतो खरा, परंतु तेथे आलेल्या प्रत्येक मोजणाऱ्याला त्याने चकविले आहे.

मिशनरी येण्यापूर्वीच हे पाणी पवित्र मानले जात होते. नाकोटा लोक त्यास 'वाकाम्ने' म्हणजे देवाचे सरोवर म्हणत. क्री भाषेतील नावाचा अर्थही आत्म्याचे सरोवर असाच. उन्हाळ्यात दूरदूरच्या टोळ्या येथे जमत, सोयरीक व देवाणघेवाण करीत आणि पुन्हा पांगत. 1844 च्या सुमारास फादर जाँ-बाप्तिस्त थिबो यांनी येथे मिशन उभारले व सरोवराला पवित्र मरियेच्या मातेचे नाव दिले. आजच्या अल्बर्टातील हे पहिले स्थायी कॅथोलिक मिशन होय. जागेची निवड व्यवहारी होती. सरोवरात मासळी विपुल होती, आणि फर-व्यापाऱ्यांच्या किल्ल्यापासून जागा दूर होती. आदिवासी माता व युरोपीय पिता यांच्या संततीतून उदयास आलेला मेटी समाज येथे घरे बांधू लागला.

घरे बांधली, पण घरात माणूस वर्षभर असेच असे नाही. रानगव्यांच्या शिकारीला सारी कुटुंबे बैलगाड्या जुंपून माळरानावर निघून जात. धर्मगुरूंना त्यामुळे मोठा पेच पडे. स्नानसंस्काराची वही भरलेली, आणि मंदिर रिकामे! शेती करा, एका जागी राहा, असा उपदेश होई. पण तेथील जमिनीवर हिमतुषार अकाली पडत आणि पिके जळून जात. या बाबतीत मिशनऱ्यांपेक्षा शिकाऱ्यांनाच भूमीचे ज्ञान अधिक होते, असे आम्हांस वाटते.

1852 मध्ये थिबो गेले, फादर आल्बेर लाकोम्ब आले. 1859 मध्ये माँट्रियलहून तीन 'ग्रे' धर्मभगिनी दीर्घ प्रवास करून पोहोचल्या. मात्र 1861 मध्ये बिशप ताशे व लाकोम्ब यांनी अधिक सुपीक जागा शोधून सेंट आल्बर्ट वसविले. 1863 मध्ये धर्मभगिनी व त्यांची शाळाही तिकडे गेली. त्यानंतर 1870 ची देवीची साथ आली. मग रानगवे संपले. 1877 मध्ये नाकोटांनी सहाव्या करारास संमती दिली व त्यांना सरोवराकाठी राखीव जागा मिळाली. मेटींच्या हाती मात्र जमिनीच्या हक्काची कागदी प्रमाणपत्रे आली, आणि त्यांतील बरीचशी सट्टेबाजांनी कवडीमोलाने लाटली. माणसे आणखी पांगली. मिशन बंद करावे, असा विचार 1880 च्या दशकात बळावला.

येथेच कथेला कलाटणी मिळते. फादर झाँ-मारी लेस्तांक हे फ्रान्समधील ब्रिटनीचे. मायदेशी गेले असता तेथील संत ॲनाच्या प्रसिद्ध यात्रास्थानी त्यांना आपल्या ओसाड मिशनची आठवण तीव्रतेने झाली, असे परंपरा सांगते. 1889 मध्ये त्यांनी सरोवरावर यात्रा सुरू केली आणि जे लोक नाहीसे झाले असे समजले जात होते, ते आले! क्री, नाकोटा, डेने, मेटी, गाड्यांतून व पायी. लेस्तांक यांनी नवे काही निर्माण केले असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या उन्हाळी मेळ्याला त्यांनी पुन्हा दार उघडून दिले. गोव्यात तळावलीच्या सांताना मंदिरात संत ॲनाच्या सणाला काकड्या घेऊन येणाऱ्या भाविकांपैकी तळावलीचे रहिवासी किती, हे तरी कोण पाहतो?

कॅनडाची जनगणना मे महिन्यात होते आणि ज्याचे नेहमीचे घर जेथे, तेथेच त्याला धरते. यात्रा भरते जुलैच्या अखेरीस. भर हंगामात तीस-चाळीस हजार भाविक येतात, असे वृत्तांत सांगतात. मेटी हा समाज तर जनगणनेत अनेक वर्षे स्वतंत्रपणे मोजलाच जात नव्हता. 2004 मध्ये हे यात्रास्थान राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले.

परंतु पांगापांगीचा एक अध्याय आम्हा कॅथोलिकांना टाळता येणार नाही. सेंट आल्बर्टला नेलेली ती छोटी शाळा पुढे निवासी शाळा बनली व 1948 पर्यंत चालली. अशा शाळा सरकारच्या धोरणाने, पण बहुतांशी ख्रिस्तसभेच्या हातून चालविल्या गेल्या. लेकरे आईबापांपासून व मातृभाषेपासून तोडली गेली. कित्येक घरी परतलीच नाहीत. ज्या वहीत त्यांची नावे स्नानसंस्काराने आली, त्याच ख्रिस्तसभेने त्यांना घरापासून दूर ठेवले.

25 जुलै 2022 रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी मास्क्वासीस येथे याबद्दल क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी, संत ॲनाच्या सणाला, ते चाकाच्या खुर्चीतून लाक सेंट ॲनच्या काठी आले. आदिवासींच्या रीतीप्रमाणे चारी दिशांना वळून त्यांनी क्रुसाची खूण केली, पाणी आशीर्वादित केले आणि ते जमलेल्यांवर शिंपडले. त्या गर्दीत निवासी शाळांतून गेलेले अनेक वृद्ध बसले होते. कित्येक जण शेकडो मैलांवरून आले होते.