लिंगे बंदराचा मोती

इराणच्या आखाती किनाऱ्यावर बुशहर नावाचं बंदर आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७६३ साली तिथे वखार घातली, आणि तिथला इंग्रज रेसिडेंट पुढे १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली राहिला. म्हणजे रत्नागिरीचा कलेक्टर ज्या सचिवालयाला पत्रं पाठवायचा, तिथेच बुशहरचीही पत्रं येऊन पडायची. रत्नागिरीहून यायचं ते पाऊस, भात, सारा आणि तो वसूल करणाऱ्या खोतांच्या भानगडी. बुशहरहून यायचं ते शिराजला नवा सुभेदार कोण आला, शिराजच्या वाटेवर कुणाचे तांडे अडवले, गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली की उठली, मोत्यांचा हंगाम कसा गेला. मुंबई सरकारचं ते जुनं दप्तर आज काळ्या घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याच्या पुराभिलेखागारात आहे.

मी तिथे गेले ती खोतीचे कागद बघायला. आखाताकडे वळले ते आजीमुळे.

माझी आजी, आईची आई, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका गावातली. घर कुळाचं. तिच्याकडे रात्री गोष्टी व्हायच्या त्या राजाराणीच्या नव्हेत, खोताच्या. भात पिवळं पडायला लागलं की खोत अभावणीला यायचा. बरोबर कारकून, मागे छत्री धरलेला गडी. बांधावर उभं राहून तो उभ्या पिकाकडे बघायचा आणि आकडा सांगायचा, की या खाचरात इतके मण. कारकून तो लिहून घ्यायचा. मग कापणीपर्यंत परतीचा पाऊस कोसळो की उंदीर लागोत, खोताचा वाटा त्या आकड्यावरच. अर्धेलीची जमीन असली तर निम्मं भात वाड्यावर पोचतं करायचं. वर आठवेठ, म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस खोताकडे फुकट राबायचं.

गणपतीच्या दिवसांत आजी तिच्या आईबरोबर वाड्यावर सारवणाला जायची. तिथे तिने खोतिणीची नथ बघितली. सोन्याच्या तारेत ओवलेले मोती, मध्ये एक लाल खडा. "मोती बसऱ्याचा हो पोरी. उन्हात आली की पिवळसर झाक मारायची त्याला," असं ती सांगायची, आणि बोटाच्या पेरावर नखाने त्याचा आकार दाखवायची. परत येताना वाटेत तिची आई तिला म्हणाली होती, "बघितलंस ना? ते आपलं भात आहे." आजीने हे वाक्य आम्हाला कितीतरी वेळा सांगितलं. त्यात राग नसायचा. हिशोब कळलेल्या माणसाचा ठामपणा असायचा.

भाताचा तो मोती झाला कसा, हे मला आखाताच्या कागदांत सापडलं.

बसऱ्याचा म्हणून आपल्याकडे विकला जाणारा मोती निघायचा तो मुख्यतः बहरीनच्या आसपासच्या आणि त्याच्या दक्षिणेकडच्या उथळ समुद्रात. तिथून तो व्यापाऱ्यांच्या हातात जायचा आणि शेवटी बहुतेक सगळा माल मुंबईला यायचा. एकोणिसाव्या शतकात या व्यापाराची एक मोठी पेठ इराणच्या किनाऱ्यावर होती, लिंगे. वस्ती अरब, इराणी आणि आपल्याकडच्या भाटिया-खोजा व्यापाऱ्यांची. सत्ता पिढ्यान्‌पिढ्या कासिमी अरब शेखांची. हे शेख इराणच्या शहाला खंडणी देत आणि आपल्या मर्जीने बंदर चालवत.

लिंगेची बातमी बुशहरला पोचायची कशी? रेसिडेंट स्वतः सगळीकडे फिरत नसे. लिंगे, शिराज, बहरीन, शारजा अशा ठिकाणी त्याने प्रतिनिधी नेमलेले असत, आणि हे लोक बहुधा तिथलेच व्यापारी नाहीतर मुन्शी असायचे. ते फारसीत किंवा अरबीत लिहायचे. बाजारात कुठल्या मालाला काय भाव, सुभेदाराची मर्जी कुणावर, कुठली टोळी बिघडली. बुशहरच्या कचेरीत त्याचं इंग्रजी व्हायचं, गोषवारा निघायचा आणि खाली साहेबाची सही पडायची. ही पत्रं वाचताना मला सहीपेक्षा त्या मुन्शीचं कौतुक वाटतं. एकाच गावात राहायचं, तिथल्याच हाकिमाला सलाम करायचा आणि त्याचीच बातमी सात समुद्रांपलीकडे जाणाऱ्या कागदावर घालायची, याला धीर लागतो. पुण्याच्या पेशवे दरबाराला दिल्लीहून लिहिणारे आपले वकील आणि अखबारनवीस याच जातकुळीतले.

रेसिडेंटचं वजन कसं वाढलं याची एक बाजू आमच्या घरातल्या गोष्टीत आहे. १८५६ साली इराणने हेरात घेतलं म्हणून इंग्रजांनी युद्ध पुकारलं, आणि फौज गेली ती मुंबईहून. ९ डिसेंबरला रेशहरचा कोट पडला, दुसऱ्या दिवशी बुशहर शरण आलं. पुढच्या फेब्रुवारीत खुशाबची लढाई झाली. मुंबईच्या पलटणींत तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातले लोक भरपूर असत. आमच्या घराण्यातला एक पूर्वज 'इराणात' लढून आला होता असं आजोबा सांगायचे. त्याला मिळालेलं चांदीचं पदक पुढे एका लग्नात सोनाराकडे वजनावर गेलं. त्या युद्धाचा तह ४ मार्च १८५७ ला पॅरिसला झाला, आणि इराणात इतर कुठल्याही देशाच्या बरोबरीने कॉन्सल नेमायची मुभा इंग्रजांना त्याच तहाने मिळाली. १८७८ पासून तर बुशहरचा रेसिडेंट फार्स आणि खुझिस्तानचा कॉन्सल-जनरलही झाला. एक कान हिंदुस्थान सरकारचा, दुसरा तेहरानच्या वकिलातीचा. आमच्या त्या पूर्वजाला हे कुणी सांगितलं नसणार. पण पुढच्या पन्नास वर्षांच्या अहवालांना जागा करून देणाऱ्यांत तो होता, एवढं मी मानते.

अहवालांत मला सर्वांत जवळचा वाटला तो सुभेदारीचा हिशोब. काजार घराण्याच्या इराणात सुभेदारी मिळायची ती बहुतेक शहाला पेशकश मोजून, आणि दर नवरोजला ती पुन्हा ठरायची. पैसे भरून आलेला सुभेदार ते वसूल करायला खालचे जिल्हे मक्त्याने देई. जिल्हेवाला गावांवर बसे. बंदराची जकातसुद्धा इजाऱ्याने जायची, जो जास्त बोली लावील त्याला. वर्षभरात आपण राहू की जाऊ याची खात्री नसलेला माणूस मिळेल तेवढं ओढून घेणारच. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खोत निदान पिढीजात होता, गावात राहायचा. इराणचा हाकीम तर बोलीचा पाहुणा.

फार्सचे, म्हणजे शिराजच्या प्रांताचे, सुभेदार वाचत जावेत तसे ते एकेक उभे राहतात. १८७६ ते १८८१ या काळातला फरहाद मिर्झा विद्वान राजपुत्र होता, आणि वाटमाऱ्यांना जिवंत चुन्यात चिणायचा. रस्ते निर्धोक झाले याची इंग्रजांनी आवर्जून नोंद केली. त्यांचं मोजमाप तेच होतं. मँचेस्टरचं कापड खेचरांवरून शिराजला सुखरूप पोचलं की राज्य चांगलं.

हे मला बोचतं. इजारेदारीने रयत कशी पिळली जाते, हे आखातातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वच्छ ओळखलं होतं. त्यातलं पुष्कळ खरं होतं. पण त्याच इंग्रज राज्याने १८८० साली खोतीचा कायदा करून आमच्याकडे खोत कायम ठेवला. बुशहरकडे बघताना जो डोळा उघडा होता, तो रत्नागिरीकडे वळल्यावर मिटला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. तोपर्यंत आजीचं लग्न होऊन गेलं होतं.

लिंगेचं काय झालं? १८८७ साली इराण सरकारने तिथल्या शेखाला, शेख कधीबला, पकडून तेहरानला नेलं आणि बंदर थेट आपल्या ताब्यात घेतलं. १८९८ च्या सुमारास त्याच्या घराण्यातल्या एकाने ते पुन्हा बळकावलं, पण आखाती बंदरांच्या सुभेदाराने, दर्याबेगीने, १८९९ मध्ये त्याला हुसकावून लावलं. मग जकात आली बेल्जियन अधिकाऱ्यांकडे. इराणने त्यांना जकातीची व्यवस्था लावायला बोलावलं होतं. त्यांनी इजारा बंद केला, पेट्या उघडून तपासायला आणि वसुली काटेकोर करायला सुरुवात केली. राज्याच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. लिंगेच्या व्यापाऱ्याला मात्र समोरचा किनारा दिसत होता. समुद्र ओलांडला की दुबई, आणि दुबईचा शेख मक्तूम जकात माफ करून या व्यापाऱ्यांना बोलावत होता. १९०४ च्या सुमारास मुंबईच्या आगबोटी दुबईला नियमित थांबू लागल्या. लिंगे, बस्तक, लार इथली घराणी तिकडे गेली आणि आपली घरं बांधायची पद्धतही घेऊन गेली. दुबईच्या खाडीकाठी आज वारा खेचणाऱ्या चौकोनी मनोऱ्यांची जुनी वस्ती दाखवतात, तिचं जुनं नाव बस्तकिया. आपली मुलं दुबईला गेली की तिथे फोटो काढून घरी पाठवतात. एका इराणी बंदराच्या जकातीचा इतिहास त्या फोटोत मागे उभा असतो.

मोती काढणाऱ्यांबद्दल सर्वांत तपशिलाने लिहिलं ते लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याने. त्याच्या आखाताच्या गॅझेटियरचा भूगोलाचा भाग १९०८ ला आणि इतिहासाचा १९१५ ला निघाला. तो स्वतः १९१४ च्या फेब्रुवारीत बुशहरलाच, पिस्तूल साफ करताना गोळी सुटून गेला. सुमारे साडेचार हजार होड्या आणि चौऱ्याहत्तर हजार माणसं मोत्यांच्या धंद्यात असल्याचं त्याने नोंदवलंय. मोठा हंगाम जून ते सप्टेंबर. पाणबुड्याच्या पायाला दगड, कमरेला दोर, गळ्यात टोपली आणि नाकाला कासवाच्या पाठीचा नाहीतर शिंगाचा चिमटा. हंगामाआधी नाखवा त्याला उचल देई, हंगामानंतर हिशोबात ती कधी फिटत नसे, आणि पुढच्या वर्षी त्याच होडीवर जाणं भाग पडे. हे सगळं लॉरिमरने लिहिलं. पण ते पुस्तक सरकारी गुपित म्हणून छापलं गेलं, आणि त्याच्या हजारो पानांत पाणबुड्या स्वतः बोलत नाही.

जून ते सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे लावणी, बेणणी आणि अभावणीची वाट बघणं. तिकडे कर्जातला एक माणूस नाकाला चिमटा लावून तळाला जातो, इकडे कर्जातला दुसरा चिखलात वाकलेला असतो, आणि दोघांच्या घामातून खोतिणीच्या नाकात एक दागिना येतो. आजीच्या आईला यातली एकच बाजू माहीत होती, आणि तिने ती अचूक सांगितली.

आखाताची दुसरी गोष्ट मला रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या एका चाचांनी सांगितली. ते ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. त्या कंपनीने १८६२ पासून मुंबईहून आखातात टपाल नेलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांची कितीतरी घरं आगबोटींवर जगली. चाचांच्या बोलण्यात बंदरं माळेसारखी यायची, कराची, मस्कत, बंदर अब्बास, लिंगे, दुबई, बहरीन, बुशहर, बसरा. "बेटी, बुशहरला पाणी उथळ. बोट मैलोन्‌मैल बाहेर नांगरायची, माल पडावांतून उतरवायचा. वारा सुटला की दिवसच्या दिवस तसंच लोंबकळायचं." लिंगे त्यांनी पाहिलं तेव्हा ते थकलेलं गाव होतं. घुमटाकार टाक्यांत पावसाचं पाणी साठवलेलं आणि बाजारात निम्मी दुकानं बंद. "दुबईत मात्र लिंगेवाले भेटायचे. म्हणायचे, जकातवाल्याला कंटाळून आमचे बाप इकडे आले. आम्ही म्हणायचो, आम्ही पोटाला कंटाळून आलो."

चाचांना बेल्जियन माहीत नव्हते, शेख कधीब माहीत नव्हता. बुशहरच्या अहवालात त्यांच्यासारख्या खलाशांचा उल्लेख बोटीच्या टनांमागे कुठेतरी दडलेला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा मला आखात समजायला लागलं. जपानी कल्चर मोत्यांनी आणि १९२९ नंतरच्या मंदीने मोत्याचा धंदा बसला, मग तेल निघालं, आणि मग सत्तरच्या दशकात आमच्या गावागावांतले पोरगे पासपोर्ट घेऊन निघाले. ती वाट खलाशांनी कधीच ओळखीची करून ठेवली होती.

ब्रिटिश इंडिया कंपनीची आखाताची शेवटची प्रवासी बोट, द्वारका, १९८२ साली थांबली. तिच्यावर ऐन विशीत चढलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत, सारंग तर त्याहून म्हातारे. साहेबांचे अहवाल काळ्या घोड्याला नीट बांधून ठेवलेले आहेत, ते कुठे जात नाहीत. राजिवडा, मिरकरवाडा, जयगड, दाभोळ, हर्णै इथल्या ओट्यांवर बसलेल्यांकडे मात्र आता जायला हवं, रेकॉर्डर घेऊन, सवड काढून, आणि कुठल्या बंदरात काय भाव होता इथपासून विचारायला हवं.