पाटसकरांचं एक वाक्य आणि बारा एकराचा हिशेब

खासदाराचं काम कसं मोजायचं? हल्ली याचं उत्तर एका मिनिटात मिळतं. हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले, खासगी विधेयकं किती मांडली. निवडणूक जवळ आली की हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात आणि पारावर त्यावर वादही होतात. माझ्या प्रबंधाचा विषय खानदेशातल्या लोकप्रतिनिधींचं कायदेमंडळातलं काम हा आहे. त्यामुळे मलाही लोक विचारतात, "मग सगळ्यात जास्त काम कोणी केलं?" या प्रश्नाला मी बहुतेक वेळा बगल देते. का देते, ते एका माणसाच्या उदाहरणावरून सांगते.

हरी विनायक पाटसकर. जन्म १८९२, इंदापूरचा. शिक्षण पुण्यात, वकिली चाळीसगावात. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात होते, संविधान सभेत होते, आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत जळगावचे खासदार म्हणून गेले. पुढे मध्य प्रदेशचे राज्यपाल, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमेचा तंटा त्यांनी मिटवला, आसामच्या डोंगरी भागासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९६३ मध्ये पद्मविभूषण मिळालं. एवढं सगळं असूनही जळगावात आज हे नाव घेतलं तर बरेच जण "कोण?" असं विचारतील.

आपल्याला त्यांची १९५५ आणि १९५६ ही दोन वर्षं हवी आहेत. तेव्हा ते केंद्रात विधी खात्यात मंत्री होते, आणि हिंदू विवाह कायदा (१९५५) व हिंदू उत्तराधिकार कायदा (१९५६) संसदेतून पार नेण्याचं बरंचसं काम त्यांच्या खांद्यावर होतं. अज्ञान मुलांचं पालकत्व आणि दत्तक-पोटगी यांचे कायदेही १९५६ मध्येच झाले. म्हणजे हिंदू कोड बिलाचे जे चार तुकडे झाले, ते चारही याच काळातले.

आता मोजा बघू. हे कायदे पाटसकरांच्या 'नावावर' लावायचे का? मसुद्याची मुळं बी. एन. राव समितीत, म्हणजे १९४१ पासूनची. त्यासाठी खरी झुंज दिली ती डॉ. आंबेडकरांनी, आणि विधेयक रखडलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. निवडणुकीनंतर नेहरूंनी ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर करून घ्यायचं ठरवलं. पाटसकर आले ते शेवटच्या टप्प्यावर. मंत्र्याने मांडलेलं विधेयक सरकारचं असतं, त्यात त्याचं स्वतःचं किती हे बाहेरून कळत नाही. उलट साध्या सदस्याचं विधेयक पूर्णपणे त्याचं असतं, पण ते मंजूर होणं जवळपास अशक्य. स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्यामुळे 'किती विधेयकं' हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवा आहे.

मग माणसाचं स्वतःचं काय ते कुठे शोधायचं? माझं मत असं, की चर्चेत. कलमावर हरकत आली तेव्हा तो काय म्हणाला, कुठे अडला, कुठे नमला. संसदेतल्या चर्चांचे खंड कंटाळवाणे असतात (खरंच असतात, दुपारच्या जेवणानंतर वाचू नयेत), पण माणूस तिथेच सापडतो.

आधी विवाह कायद्याबद्दल, थोडक्यात. दिल्लीत द्विभार्याबंदी आणि घटस्फोटावरून रान उठलं होतं. जळगाव-धुळ्याला मात्र त्यात कायद्याच्या दृष्टीने फारसं नवं नव्हतं. मुंबई प्रांताने हिंदूंमधली द्विभार्या १९४६ मध्येच बंद केली होती आणि घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये केला होता. द्विभार्याबंदीच्या कायद्याला आव्हान दिलं गेलं, ते मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी खटल्यात फेटाळलं. शिवाय शेतकरी-कष्टकरी जातींमध्ये काडीमोड आणि पाट या रीती होत्याच. १९५५ च्या कायद्याने रूढीने चालत आलेला घटस्फोट कलम २९ मध्ये शाबूत ठेवला. त्यामुळे खानदेशापुरतं बोलायचं तर हा कायदा शांतपणे पचला असता. अडचण होती ती जमिनीची.

उत्तराधिकार कायद्यातली एक गोष्ट निःसंशय मोठी आहे, ती आधी सांगते. १९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुखांच्या खासगी विधेयकातून विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क मिळाला होता, पण तो हयातीपुरता. विकायची सोय जवळजवळ नाही, आणि ती गेली की मिळकत पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. १९५६ च्या कलम १४ ने ही 'मर्यादित मालकी' संपवली. बाईच्या ताब्यात जे आहे ते पूर्ण तिचं, मग ते कायद्याच्या आधी मिळालेलं असो की नंतर. ही जमेची बाजू आहे, आणि ती लहान नाही.

आता कलम ६ कडे येऊ. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हक्क असतो. मुलीला नसतो. राव समितीने आणि नंतर आंबेडकरांच्या विधेयकाने यावर सरळ उपाय सुचवला होता: जन्माने मिळणारा हक्कच रद्द करा. मग एकत्र कुटुंबाची मिळकत ही प्रत्येकाची वेगवेगळी मिळकत होते आणि मुलगा-मुलगी एका पातळीवर येतात. १९५६ मध्ये सरकारने हे केलं नाही. मिताक्षरा एकत्र कुटुंब ठेवलं, आणि वडील वारले तर त्यांच्या वाट्याच्या हिश्श्यात तेवढी मुलगी वारस, अशी तडजोड केली.

तेव्हा साहजिकच सूचना आली, की एकत्र कुटुंब ठेवायचंच असेल तर मुलीलाही जन्मतः हक्क द्या. यावर पाटसकरांनी जे उत्तर दिलं ते विधी आयोगाने २००० सालच्या १७४ व्या अहवालात उद्धृत केलं आहे. आशय असा: मिताक्षरा कुटुंब कायम ठेवून मुलीला जन्माचा हक्क, मागे राहणाऱ्याचा हक्क आणि कधीही वाटणी मागण्याचा हक्क मुलाइतकाच दिला, तर कायद्याला माहीत नसलेलं आणि व्यवहारात न चालणारं असं काहीतरी एकत्र कुटुंब तयार होईल.

वकिलाचं उत्तर आहे हे, आणि तर्क म्हणून चोख आहे. दोन विहिरींचं पाणी एका मोटेने काढता येत नाही, तसं काहीसं. पण हाच तर्क उलट्या दिशेनेही चालतो. मुलीला आत घेऊन एकत्र कुटुंब टिकत नसेल, तर मग ते कुटुंबच का ठेवायचं? आंबेडकरांच्या विधेयकाने नेमकं तेच विचारलं होतं. पाटसकरांनी तर्काचा अर्धा भाग बोलून दाखवला आणि उरलेला अर्धा सरकारच्या सोयीसाठी गिळला. माझा त्यांच्यावरचा आक्षेप एवढाच आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

या तडजोडीची किंमत आकड्यात बघू. समजा, चोपड्याकडचा एक शेतकरी आहे. बायको आधीच वारलेली, एक मुलगा, एक मुलगी, आणि १२ एकर वडिलोपार्जित काळी जमीन. बाप वारला. १९५६ च्या नियमाने आधी बाप आणि मुलगा यांच्यात कागदावरची वाटणी धरायची: सहा-सहा एकर. मग बापाच्या सहा एकरांचे दोन भाग, मुलाला तीन आणि मुलीला तीन. हिशेब झाला: भाऊ ९, बहीण ३. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ३० ने बापाला आपल्या सहा एकरांचं मृत्युपत्र करायची मुभा दिली. म्हणजे ते तीन एकरही एका कागदाने जाऊ शकत होते. आणि राहतं घर? भावांनी वाटणी करायचं ठरवल्याशिवाय बहिणीला त्यात वाटणी मागता येणार नाही, असं कलम २३ म्हणत होतं.

यासाठी मतदारांनी पाटसकरांना जाब विचारला का? उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला झाला आणि १९५७ च्या सुरुवातीला सार्वत्रिक निवडणूक आली. पूर्व खानदेशातून (जळगाव जिल्ह्याचं तेव्हाचं नाव) लोकसभेवर गेले ते मुंबईचे वकील नौशीर भरुचा. काँग्रेसची जागा गेली. पण ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राची होती. मुंबई कुणाची, या प्रश्नापुढे बहिणीचे तीन एकर की सहा, हा प्रश्न सभेत कोण काढणार? आणि काढला असता तर मतं वाढली असती की घटली असती? माझा अंदाज, घटली असती. पाटसकर जून १९५७ मध्ये भोपाळला राजभवनात गेले.

त्यांच्या वाक्याचा निकाल लागला तो खूप उशिरा. १९७० मध्ये ते वारले. त्यानंतर केरळने १९७५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबच कायद्याने रद्द केलं, म्हणजे राव समितीचा रस्ता धरला. आंध्र, तामिळनाडू, कर्नाटक यांनी दुसरा रस्ता घेतला: मुलीला जन्मतः हक्क. आणि २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानेही. जळगावच्या खासदाराने जे 'व्यवहारात न चालणारं' म्हटलं होतं, ते ३८ वर्षांनी त्याच्याच राज्याच्या विधिमंडळाने कायदा म्हणून लिहिलं. त्यात एक पाचर होती. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नव्हता. म्हणजे एकाच घरात थोरलीला नाही, धाकटीला आहे. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ही पाचर काढली, घराचं कलम २३ ही काढलं. बाप त्या दिवशी हयात हवा का, यावरचा गोंधळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात संपवला: नसला तरी चालेल. आता आपल्या १२ एकरांत बाप, भाऊ, बहीण प्रत्येकी चार, आणि बापाच्या चारातले दोन-दोन. सहा आणि सहा.

म्हणजे पाटसकर चुकले? कायद्यापुरते, हो. असं कुटुंब कायद्याला माहीत झालं आणि न्यायालयांनी ते चालवूनही दाखवलं. 'व्यवहारात' या शब्दापाशी मात्र मी थांबते. कारण बाप वारला की तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागतंही, आणि मग निघतं हक्कसोड पत्र. वडिलोपार्जित मिळकतीत बहिणीने भावासाठी हक्क सोडला तर त्यावरचं मुद्रांक शुल्क अनेक वर्षं फक्त २०० रुपये होतं. ज्या राज्याने १९९४ मध्ये हक्क दिला त्यानेच तो सोडणं इतकं स्वस्त ठेवलं. भाऊ काही दमदाटी करतो असं नाही. बहुतेक वेळा कुणी काही बोलतही नाही. आखाजीला माहेरी यायचं असतं, झोक्यावर बसायचं असतं, भावाच्या हातची ओवाळणी हवी असते; तिला एवढंच कळतं की सही नाही केली तर ते दार जड होईल. कलम ६ बदललं, पण झोका त्याच निंबाला बांधलेला आहे.

धुळ्याकडे हा हिशेब आणखी वेगळा होतो. साक्री, शिरपूर आणि १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, कोकणा कुटुंबांना हे सगळं लागूच नाही. उत्तराधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये एक पोटकलम आहे: केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. रूढींचं रक्षण म्हणून ते वाचता येतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या रूढीत मुलीला जमीन नाही, तिथे ते पोटकलम मुलीच्या विरोधात जातं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमला नेती प्रकरणात केंद्राला याचा विचार करायला सांगितलं. ते पोटकलम १९५६ मध्ये लिहिलं गेलं तसंच आजही आहे. त्यामुळे चोपड्यातल्या बहिणीचे सहा एकर झाले, आणि अनेर ओलांडून शिरपूर तालुक्यात गेलं की पावरा बहिणीला कायदा अजून तीनही देत नाही.