वासा संग्रहालय
वासा संग्रहालय हे स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील सागरी संग्रहालय आहे. येथे वासा ही ६४ तोफांची युद्धनौका जतन केलेली आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजी ही नौका पहिल्याच प्रवासात, बंदरातच बुडाली. वरचा भार अधिक असल्याने ती वाऱ्याने कलली व तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले. त्यापूर्वीच्या चाचणीत खलाशांना डेकवर आडवे धावायला लावताच ती धोकादायकरीत्या डोलली होती. तरीही ती रवाना झाली. चौकशीत कोणालाही शिक्षा झाली नाही.

बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा तग धरत नाही. त्यामुळे १९६१ मध्ये नौका जवळजवळ अखंड वर काढता आली. १९८८ पासून ती या इमारतीत आहे. पर्यटकांना नौकेवर चढता येत नाही. मात्र निरनिराळ्या मजल्यांवरून, विशेषतः मागील बाजूचे कोरीवकाम, जवळून पाहता येते.