शंभर दिवसांचा संप आणि लेखकाचा वाटा

१२ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतील पटकथालेखकांनी मतदान करून आपला संप संपविला. संप मागे घेण्याच्या बाजूने ३,४९२ मते पडली, विरुद्ध २८३. ५ नोव्हेंबर २००७ रोजी सुरू झालेला हा लढा शंभर दिवस चालला होता. दुसऱ्या दिवशी लेखक आपापल्या कचेऱ्यांत परतले. आवडती मालिका आता केव्हा दिसणार, हा प्रश्न त्या दिवशी घरोघरी निघाला असल्यास नवल नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला दुसरा प्रश्न विचारावा लागतो. बारा हजारांच्या आसपास लेखक तीन महिन्यांहून अधिक काळ रोजगार बुडवून रस्त्यावर का उभे राहिले, आणि परतताना त्यांच्या पदरात काय पडले? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

त्यासाठी त्या धंद्याची रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. कादंबरीकार आपल्या पुस्तकाचा धनी असतो. हॉलिवूडमधील पटकथालेखक मात्र कायद्याच्या दृष्टीने पगारी माणूस असतो आणि त्याने लिहिलेल्या मजकुराचे स्वामित्व निर्मात्या कंपनीकडे जाते. या त्यागाच्या बदल्यात त्याला एक हक्क मिळतो. त्याची कृती पुन्हा दाखविली गेली किंवा दुसऱ्या साधनाने विकली गेली, म्हणजे त्याला ठराविक मोबदला द्यावा लागतो. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत कित्येक महिने जातात. त्या मधल्या काळात लेखकाची चूल याच मोबदल्यावर पेटते.

हा हक्क कोणी आपण होऊन दिलेला नाही. १९६० साली लेखकांनी जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत संप केला. त्या वेळी दूरचित्रवाणी हे नवे साधन होते आणि चित्रपटगृहांतून उतरलेले चित्रपट तिला विकून कंपन्या पैसा मिळवीत होत्या. त्या विक्रीत वाटा आणि निवृत्तिवेतनाचा निधी ही त्या संपाची कमाई होय.

पंचवीस वर्षांनी नवे साधन आले, ते घरी बसून पाहावयाच्या चित्रफितींचे. फितींचा खर्च मोठा आहे आणि धंदा अजून बाळसे धरावयाचा आहे, असे निर्मात्यांचे म्हणणे पडले. १९८५ चा संप दोन आठवड्यांतच आटोपला आणि लेखकांना निर्मात्यांचे सूत्र पत्करावे लागले. उत्पन्नाचा पाचवा हिस्साच हिशेबात धरावयाचा आणि त्यावर दीड ते १.८ टक्के द्यावयाचे, असे ते सूत्र होते. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे लेखकाच्या हाती तीस ते छत्तीस पैसे! पुढे फितीची जागा स्वस्तात तयार होणाऱ्या डीव्हीडीने घेतली, धंदा अफाट वाढला, तरी सूत्र जागचे हलले नाही. बाळाच्या मापाने बेतलेले अंगरखे धंदा वयात आल्यावरही लेखकाच्याच अंगावर राहिले.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. २००७ साली इंटरनेटवरून मालिका दाखविण्यास आरंभ झाला, तेव्हा लेखकांच्या मनात १९८५ ची आठवण ताजी होती. या नव्या माध्यमाचा तीन वर्षे अभ्यास करू आणि मग बोलू, अशी सूचना निर्मात्यांकडून आली होती. अभ्यास होईपर्यंत रूढी पडते आणि रूढी पडली की तिलाच नियम म्हणतात, हे लेखक जाणून होते. संपाच्या आदल्या दिवशी त्यांनी डीव्हीडीचा दर दुप्पट करण्याची आपली मागणी वाटाघाटीत सोडून दिली. इंटरनेटवरील हक्काची मात्र सोडली नाही. हातातल्या पैशापेक्षा उद्याच्या हक्काला त्यांनी अधिक मोल दिले. या साऱ्या लढ्याचे मर्म आम्हांस येथेच दिसते.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? रोज ताजा मजकूर लागणारे रात्रीचे विनोदी कार्यक्रम पहिल्याच दिवशी बंद पडले आणि त्यांचे जुने भाग दाखविले जाऊ लागले. लिहून ठेवलेल्या संहिता संपताच मालिकांचीही तीच गत झाली. ७ डिसेंबरला बोलणी फिसकटली. २ जानेवारीला डेव्हिड लेटरमन आपल्या लेखकांसह परतला, कारण त्याच्या स्वतःच्या कंपनीने लेखकसंघाशी स्वतंत्र करार केला होता. त्याच रात्री जे लेनो आणि कोनन ओब्रायन यांना लेखकांवाचून प्रेक्षकांपुढे उभे राहावे लागले. १३ जानेवारीचा गोल्डन ग्लोब पारितोषिकांचा समारंभ साध्या पत्रकार परिषदेवर भागवावा लागला.

या लढ्याची झळ लेखकांनाच लागली असे नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते. देखावे उभारणारे सुतार, दिवे सांभाळणारे कामगार, मोटारचालक, चित्रीकरणाच्या जागी जेवण पुरविणारे लोक यांचे कामही थांबले. पुनःप्रसारणाचा धनादेश यांच्या घरी कधीच येत नव्हता. संपात जे मिळणार होते, त्यात यांचा वाटा नव्हता. लेखकांची बाजू न्याय्य मानणाऱ्यानेही हा हिशेब नजरेआड करू नये.

१७ जानेवारीला दिग्दर्शकांच्या संघाने संप न करताच निर्मात्यांशी करार केला आणि त्यात इंटरनेटवरील मोबदला मान्य झाला. त्याचा नमुना समोर आल्यावर लेखकांचाही मार्ग मोकळा झाला. त्यांनी वास्तवदर्शी म्हणविणाऱ्या कार्यक्रमांचे व सचेतपटांचे लेखक आपल्या संघात घेण्याची मागणी सोडली. ऑस्कर समारंभ २४ फेब्रुवारीला यावयाचा होता, त्याचीही घाई दोन्ही पक्षांना होतीच. झालेल्या कराराने इंटरनेटवरील लेखन संघाच्या कक्षेत आले. जाहिरातींसह दाखविल्या जाणाऱ्या मालिकांसाठी पहिली दोन वर्षे ठराविक रक्कम आणि तिसऱ्या वर्षी वितरकाच्या उत्पन्नाच्या दोन टक्के, असे ठरले. मात्र आरंभीचे सतरा दिवस, आणि नव्या मालिकेचे चोवीस दिवस, कंपन्यांना फुकट मिळाले.

दूरचित्रवाणी लगोलग परतली नाही. लिहिणे, बसविणे, चित्रित करणे यांस वेळ लागतोच. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिका मार्चच्या मध्यास परतू लागल्या, तासाभराच्या अनेक मालिकांना एप्रिल उजाडला. ‘ट्वेंटी फोर’ या मालिकेचा नवा हंगाम तर जानेवारी २००९ पर्यंत लांबला. संप मिटून महिना झाला नाही तोच, मार्च २००८ मध्ये, ‘हुलू’ हे इंटरनेटवरील दालन सर्वांना खुले झाले. ज्याला अभ्यासाचा विषय म्हटले होते, ते दारात येऊन ठेपले होते.

मग लेखक जिंकले काय? हक्क मिळाला, पण त्याचे माप आपल्या हाती राहिले नाही, असे आमचे उत्तर आहे. पुढे जाहिरातींऐवजी वर्गणीवर चालणाऱ्या कंपन्या प्रबळ झाल्या. कोणती मालिका किती जणांनी पाहिली हे त्या सांगत नसत, आणि आकडाच ठाऊक नसेल तर वाटा कशाचा मागणार? म्हणून २ मे २०२३ रोजी लेखक पुन्हा रस्त्यावर आले. १४८ दिवसांनंतर झालेल्या करारात प्रेक्षकसंख्येचे आकडे संघाला गुप्ततेच्या अटीवर देण्याचे आणि विशेष लोकप्रिय मालिकांसाठी जादा मोबदल्याचे कलम आले. यंत्राने जुळविलेला मजकूर म्हणजे लेखकाचे लेखन नव्हे, हेही त्यात लिहिले गेले. नवे साधन पुरते रूढ होण्यापूर्वीच अट घालण्याचा धडा ते विसरले नव्हते.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही. चित्रपटाचे मोठे केंद्र असलेली मुंबई आपल्याच राज्यात आहे. २०१२ साली आपल्या संसदेने स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटगृहाबाहेर कृतीचा जो उपयोग होईल, त्याच्या मानधनातील समान वाटा चित्रपटातील साहित्य-संगीताच्या कर्त्याला दुसऱ्यास देऊन टाकताही येणार नाही, असे तीत ठरले. गरजू माणूस पहिल्या कागदावर सही करून सर्व काही लिहून देतो, हे ओळखूनच ही तरतूद झाली. परंतु कायद्यातला वाटा हाती पडावयाचा तर आकडे मागणारी, हिशेब तपासणारी आणि वेळ पडल्यास एकजुटीने थांबणारी माणसे लागतात. अमेरिकेतील लेखकांना ही शक्ती त्यांच्या संघाने दिली. आपल्याकडे कायदा आधी आला आहे. संघटनेचे बळ त्यामागे किती उभे राहते, त्यावरच त्याची किंमत ठरेल.