श्रावणातील पोथी आणि मासिकातील कादंबरी

चातुर्मासात घरोघर पोथी लावण्याची वहिवाट महाराष्ट्रात छापखान्याहून पुष्कळ जुनी आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या चार महिन्यांत, आणि त्यातही विशेषेकरून श्रावणात, ओसरीवर चौरंग मांडावा, त्यावर धूतवस्त्र अंथरून सुट्या पानांची पोथी ठेवावी, शेजारी समई लावावी, घरातल्या अथवा आळीतल्या कोणा स्पष्टोच्चारी गृहस्थाने नेमाने एक अध्याय वाचावा आणि बायकांनी वाती वळीत, वृद्धांनी माळ ओढीत व मुलांनी पेंगत तो ऐकावा, हा शिरस्ता कित्येक पिढ्या बिनतक्रार चालत आला. नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींनी १७०२ मध्ये 'हरिविजय', पुढल्याच वर्षी 'रामविजय', १७१२ मध्ये 'पांडवप्रताप' आणि १७१८ मध्ये 'शिवलीलामृत' सिद्ध केले ते ह्याच श्रोतृसमाजासाठी. आणि ज्यांना अक्षर-ओळखसुद्धा नव्हती अशा असंख्य स्त्रीपुरुषांना द्रौपदीचा धावा किंवा चिलयाबाळाची कथा मुखोद्गत झाली ती ह्याच ओसऱ्यांवर. कथा ही महिन्याच्या मापाने घ्यावयाची वस्तू आहे, ती रोज थोडी घ्यावी, चारचौघांत बसून घ्यावी आणि समाप्तीच्या दिवशी वाचणाऱ्यास शिधादक्षिणा देऊन तिचे उद्यापन करावे, असा संस्कार मराठी मनावर कादंबरी जन्मास येण्यापूर्वी दीडशे वर्षे तरी घडत होता.

गेल्या श्रावणात मी पोथी न लावता जुन्या मराठी कादंबऱ्या लावल्या. आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर जी कपाटे केवळ वार्षिक झाडलोटीसाठी उघडली जातात, त्यांतून कसर लागलेली, पुन्हा बांधलेली, काहींची मुखपृष्ठे नाहीशी झालेली पुस्तके आणि मासिकांच्या फायली एकामागून एक खाली आणून प्रकाशनाच्या क्रमाने वाचीत गेलो. हेतू रसास्वादाचा होता, संशोधनाचा नव्हे; परंतु महिनाअखेर मागे वळून पाहता सर्व वाचनातून एकच सूत्र हाती आले, ते असे की आपल्या कादंबरीने श्रोत्याचे वाचकात रूपांतर केले ते एकदम नव्हे, तर पोथीचीच घडी थोडी थोडी उसवीत, आणि ती घडी पुरती उसवण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

प्रारंभ अर्थातच बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून केला. १८५७ सालचे हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून परीक्षार्थींना ठाऊक असते आणि बहुधा तेवढेच ठाऊक असते. यमुना आपल्या पतीसह प्रवासास निघते, मुक्कामामागून मुक्काम होतात, आणि प्रत्येक मुक्कामी एखाद्या विधवेची कहाणी तिच्या कानी पडते: कोणाचे केशवपन, कोणाचा छळ, कोणाचे आडवाटेने गेलेले पाऊल. ग्रंथकर्ता १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेला, त्याचा हेतू उघड उघड सुधारणेचा व धर्मप्रसाराचा, आणि शेवटी वैधव्य यमुनेच्याच वाट्यास येते. हे सारे मान्य करूनही वाचताना मला सारखे जाणवत राहिले की पुस्तकाची ठेवण मात्र पोथीची आहे. मुख्य कथा दोरीसारखी बारीक आणि तीत उपकथांचे मणी. प्रत्येक उपकथेच्या अंती बोध. सर्वांच्या शेवटी फलश्रुतीच्या जागी उपदेश. पदमनजींनी मूर्तिपूजा टाकली, पण अध्याय टाकला नाही. त्यांच्या यमुनेचे अश्रू मला कोरडे वाटले. मात्र वाटेत भेटणाऱ्या त्या अनामिक बायांपैकी दोघीतिघी अजून मनातून जात नाहीत.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) ह्या दोहोंविषयी फार लिहावे असे नाही. सद्गुणी नायिकेवर संकटांमागून संकटे कोसळतात, राजपुत्र वेषांतर करतात, दुष्टांचे पारिपत्य होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ह्याच दशकात मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टींची गोडी लोकांना लागली होती आणि तिचा वास ह्या पुस्तकांना सर्वत्र येतो. मात्र रिसबुडांची प्रस्तावना कोणी चुकवू नये. आमच्या लोकांच्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे त्यांच्या आयुष्यात रमणीय असे काही उरलेलेच नाही, सबब मनोवेधक कथा रचणाऱ्यास कल्पनेचा आश्रय करणे भाग आहे, अशा आशयाची कबुली त्यांनी तीत दिली आहे. नायिकेच्या सौंदर्यवर्णनात पाने खर्ची घालणारा हा लेखक आपल्या समाजाविषयी इतके रोखठोक बोलतो, हे पाहून मी पुस्तक मिटवून पुन्हा प्रस्तावनेकडे वळलो.

खरे स्थित्यंतर घडले ते ग्रंथात नव्हे, मासिकात. १८६७ मध्ये मुंबईत 'विविधज्ञानविस्तार' निघू लागले, आणि त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी आपली 'मोचनगड' ही शिवकालातील एका कल्पित किल्ल्याची कथा त्यातून क्रमशः देऊन १८७१ मध्ये पूर्ण केली. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी हा तिचा लौकिक योग्यच. पण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब ही की येथे प्रथमच कथेचा खंड श्रोत्याच्या नेमावर न ठरता छापखान्याच्या मुदतीवर ठरू लागला. पोथीचा उद्याचा अध्याय चौरंगावरच असे, इतकेच नव्हे तर ऐकणाऱ्यास तो पूर्वीच ठाऊक असे. कंसवध होणार की नाही, ह्या विवंचनेत कोणी रात्र काढीत नसे. मासिकाचा पुढला अंक मात्र कोणाजवळच नसे. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना महिनाभर थांबणे हा अनुभव मराठी माणसाला नवा होता. गुंजीकरांनी गडाच्या वाटा, पहारे आणि मावळी माणसांची बोलणी अशा तपशिलाने रंगविली आहेत की तो थांबणारा वाचक त्यांना अंकागणिक समोर दिसत असावा.

हा वाचक राहत होता कोठे? ग्रंथालयांची नामावळी पाहिली तर उत्तर सापडते. रत्नागिरीस १८२८, अहमदनगरास १८३८, नाशकास १८४०, पुण्यास १८४८ व कोल्हापुरास १८५० साली सार्वजनिक ग्रंथालये स्थापन झाली होती; आरंभी त्यांवर साहेबलोकांचा वरचष्मा व इंग्रजी पुस्तकांचा भरणा असे, पण वर्गणीदार जसजसे एतद्देशीय होत गेले तसतसे मराठीचे कपाट भरू लागले. कचेरीतला कारकून, शाळामास्तर, वकिलाचा गुमास्ता, मामलेदाराचा मुलगा अशी ही मंडळी. १८७७ मध्ये डाकखात्याने व्ही. पी.ची पद्धत सुरू केली आणि ज्या कसब्यात पुस्तकाचे दुकान नव्हते तेथेही पोस्टमनाच्या हाती पैसे मोजून पुस्तक सोडवून घेण्याची सोय झाली. १८९३ मध्ये ठाण्यास आणि १८९८ मध्ये मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली, ती तर केवळ मराठी ग्रंथांसाठीच. वाचनालयाची वर्गणी दरमहाची, पुस्तक परत करण्यास मुदत, उशीर झाल्यास दंड: चातुर्मासाच्या नेमाची जागा नोंदवहीने घेतली. तरीही घरी आणलेले पुस्तक पुष्कळदा मोठ्यानेच वाचले जाई, कारण वर्गणी एकाची आणि उत्कंठा साऱ्या घराची.

१८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले, आणि माझ्या श्रावणाचा उत्तरार्ध त्यांनीच व्यापून टाकला. आनंदाश्रमाची व्यवस्था, पुढे पुण्याच्या नगरपालिकेचा कारभार आणि आठवड्याच्या आठवड्याला छापखान्यास मजकूर पुरविण्याची सक्ती ह्यांत सापडलेला हा पुरुष इतके लिहू शकला हे आश्चर्य, आणि त्याच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या ह्यात आश्चर्य ते काय! त्यांचा पाल्हाळ टीकाकारांनी पुष्कळ वेळा मोजून दाखविला आहे. मला वाटते, तो मोजणाऱ्यांनी बांधीव पुस्तक हाती घेतले होते. एका बैठकीत दहा प्रकरणे वाचणाऱ्यास जी पुनरुक्ती वाटते, ती आठवडाभराने पुढला अंक उघडणाऱ्यास मागची आठवण असते. मीही हा अपराध महिनाभर करीत होतो आणि शंभर पानांनंतर जाणूनबुजून पुस्तक मिटू लागलो, तेव्हा हरिभाऊंची चाल मला सापडली.

'पण लक्षात कोण घेतो!' ही 'करमणुकी'च्या पहिल्या अंकांपासून क्रमशः आलेली कादंबरी यमू स्वतःच्या तोंडाने सांगते. तेहतीस वर्षांमागे विधवांच्या कहाण्या ऐकत फिरणारी यमुना आणि ही यमू ह्यांच्या नावांतील साम्य योगायोगाचे असेल. दोघींत अंतर मात्र फार आहे. पहिली दुसऱ्यांचे दुःख ऐकते, दुसरी आपले सांगते. बालपणातील आजोळ, लग्न, सासरची कुचंबणा, मुंबईस रघुनाथरावांबरोबर गेलेले थोडे सुखाचे दिवस आणि मग वैधव्य. शंकरमामंजींच्या हातून तिचे केशवपन ज्या रीतीने घडते तो प्रसंग हरिभाऊ जवळजवळ वर्णनाशिवाय सांगतात. उपमा नाहीत, संस्कृत श्लोक नाहीत, टाहोसुद्धा थोडाच. हा भाग मोठ्याने वाचता येत नाही. मी वाचून पाहिला; दुसऱ्या परिच्छेदाशी आवाज थांबला आणि उरलेले मनातच वाचले. १८९० च्या सुमारास एखाद्या ओसरीवर, जेथे सासरे ऐकत आहेत, जेथे सोवळ्या आत्याबाई वाती वळीत बसल्या आहेत, तेथे हे प्रकरण कोणी कसे वाचले असेल? माझा तर्क असा की वाचले नसेल. अंक माजघरात गेला असेल आणि जिला अक्षर येत होते तिने तो एकटीने वाचला असेल.

असे एकटीने वाचणे सोपे नव्हते. काशीबाई कानिटकरांनी वाचायला शिकण्यासाठी किती आडपडदे सोसले आणि रमाबाई रानड्यांना पतीच्या इच्छेने शिकताना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे काय काय ऐकून घ्यावे लागले, हे वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्याचा दाखला आहे. पोथी वाचणारी सून पुण्यवान आणि कादंबरी वाचणारी सून बिघडलेली, हा निवाडा कित्येक घरांत विसाव्या शतकातही कायम होता. काशीबाईंनी मात्र वाचण्यावर न थांबता 'रंगराव' लिहिली. तिच्यातील रचनेचे दोष मला दिसले, पण त्यांवर बोट ठेवण्याची इच्छा झाली नाही.

राजवाड्यांचा 'कादंबरी' हा १९०२ मधील निबंध मी मुद्दाम मध्येच वाचला. रेनल्ड्सच्या भाषांतरांवर पोसलेल्या मराठी अभिरुचीवर त्यांनी ओढलेला आसूड योग्य ठिकाणी बसला आहे. तरी ह्या इतिहासाचार्यांना वाचनालयाच्या कारकुनाविषयी तिळमात्र सहानुभूती नव्हती असे दिसते. दिवसभर जमाखर्चाच्या वह्या ओढून घरी आलेल्या माणसाने रात्री दिव्यापाशी लंडनच्या गुप्त गोष्टी वाचल्या तर त्यात राष्ट्राची फारशी हानी झाली नसावी.

श्रावणाच्या अखेरीस 'मनोरंजना'च्या फायलींशी येऊन पोहोचलो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये काढलेल्या ह्या मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि वाचनाचा हंगाम श्रावणातून कार्तिकाकडे सरकविला. बांधीव खंडात त्या जाडजूड अंकाची जाहिरातींची पानेसुद्धा राहिली आहेत: केशतेल, पाकशास्त्राची पुस्तके, धातुपुष्टीची औषधे. ओसरीवरल्या श्रोतृवृंदास अशा जाहिराती कोणी वाचून दाखविल्या नसत्या. हा अंक हातोहात फिरणारा असला तरी प्रत्येकाने आपापला वाचावयाचा आहे, हे संपादकास आणि औषधवाल्यास सारखेच कळले होते.

ह्याच मासिकातून १९१५ च्या सुमारास वामन मल्हार जोश्यांची 'रागिणी' क्रमशः आली. तिचे दुसरे नाव 'काव्यशास्त्रविनोद', आणि ते सार्थ आहे. पात्रे भेटतात ती मुख्यतः वाद घालण्यासाठी. स्त्रीशिक्षण, पातिव्रत्य, वेदान्त, ईश्वराचे अस्तित्व अशा विषयांवर पानेच्या पाने चर्चा चालते आणि कथानक बिचारे कोपऱ्यात वाट पाहत बसते. हा दोष म्हणून तिच्या खाती नेहमी नोंदविला जातो. पोथीच्या वाचनात मात्र अध्याय संपल्यावर एक प्रहर असाच जाई: रामाने वालीस आडून मारले ते न्याय्य होते काय, धर्मराजाला पत्नी पणास लावण्याचा अधिकार होता काय, ह्यावर ओसरीवर कडाक्याचा वाद होई, आणि बायका दाराआडून आपले मत टाकीत. कादंबरी घेऊन एकटा बसलेल्या वाचकाला विचारावयास कोणी उरले नव्हते. वामनरावांनी ती सारी मंडळी पुस्तकात आणून बसविली, आणि दाराआडच्या बायकांना बैठकीत जागा दिली.