पिसण्याआधीचा डाव

खानदेशाला पत्ते शिकवायची गरज नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुषमंडळी तोवर पारावर, मळ्यात, जागा मिळेल तिथे पत्ते कुटत बसलेली असतात. सालदाराचे नवे साल ज्या सणाला सुरू होते, त्याच सणाला जुन्या सालाची शिल्लक तीनपत्तीत घालवणारेही निघतात. मेंढीकोट, लाडीस, झब्बू, पाच-तीन-दोन हे तर घरोघरचे. म्हणून संग्राह्य पत्त्यांच्या खेळाची जळगाव-धुळ्याच्या वाचकाला ओळख करून देताना इस्पिक-बदामापासून सुरुवात करत नाही. जे नवे आहे तेवढेच सांगतो.

नवे हे की इथे पत्त्यांचा कॅट दोघांचा मिळून एक नसतो. रमीत सगळ्यांचे नशीब एकाच कॅटमधून वाटले जाते. या खेळात मात्र प्रत्येकजण आपला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणतो. हजारो वेगवेगळ्या पत्त्यांतून कोणते घ्यायचे, कोणते गाळायचे, कशाला किती जागा द्यायची, हे सगळे समोरचा भेटण्याआधी ठरलेले असते. निम्मा डाव तिथेच खेळून झालेला असतो.

ही कल्पना बाजारात आली ती ऑगस्ट 1993 मध्ये, अमेरिकेत. ‘मॅजिक : द गॅदरिंग’चा कर्ता रिचर्ड गारफिल्ड गणिताचा माणूस, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने चयनगणितात डॉक्टरेट केली होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की सुरुवातीच्या नियमांत प्रत्येकाने डेकमधला एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे, अशी सोय होती. पत्ते हातोहात फिरत राहावेत हा त्यामागचा हेतू. पण आपला पत्ता गमावणे खेळणाऱ्यांना रुचले नाही, जुगाराच्या कायद्यांचीही अडचण होती, आणि तो नियम मागे पडला. आखाजीच्या फडावर वाढलेल्या माणसाला तो लगेच कळला असता! 1996 मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले, 1999 मध्ये यू-गी-ओचे. आपल्या पोरांपर्यंत पोचले ते मुख्यतः पोकेमॉन, तेही टीव्हीवरच्या कार्टूनचे बोट धरून.

त्याआधीची पायरी मात्र आपल्याकडे होतीच. 1990 नंतर शाळेत गेलेल्यांना कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड आठवत असतील. पत्त्यावर पैलवानाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या कुस्त्या. आपण एक आकडा पुकारायचा. ज्याचा मोठा, त्याने पत्ता न्यायचा. त्यात डेक बांधणे नव्हते, पण पत्त्यावरचा मजकूर वाचून डाव टाकायची सवय तिथेच लागली.

आणखी मागे जायचे तर सावंतवाडीची गंजिफा आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण 120. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. दिवसा रामाचा राजा उतारी करतो, रात्री कृष्णाचा. पत्त्याचे मोल घड्याळ पाहून ठरवणाऱ्या समाजाला पोकेमॉनचे नियम अवघड वाटू नयेत. 1871 मध्ये औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी ‘क्रीडाकौशल्य’ हा खेळांवरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. खेळ हा अभ्यासाचा विषय आहे, ही समजूत अजिंठ्याच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला तेव्हाच होती.

आता प्रत्यक्ष डेक. पोकेमॉनचा डेक बरोबर 60 पत्त्यांचा. एकाच नावाचे चारपेक्षा जास्त चालत नाहीत. मूळ ऊर्जेच्या पत्त्यांना, म्हणजे हल्ल्याला बळ पुरवणाऱ्या साध्या पत्त्यांना, ही अट नाही. पहिला हात सात पत्त्यांचा. बक्षिसाचे सहा पत्ते प्रत्येकाने पालथे ठेवायचे. समोरचा पोकेमॉन गारद केला की त्यातला एक उचलायचा, बड्या पोकेमॉनला दोन किंवा तीन. सहाही आधी उचलले की जिंकलात. एका पाळीत हातातून एकच ऊर्जा लावता येते, आणि हल्ला केला की पाळी संपली.

या आकड्यांत बरेच काही दडले आहे. एखाद्या पत्त्याच्या चार प्रती ठेवल्या तर पहिल्या सातांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के. एकच ठेवली तर 12 टक्क्यांच्या आत. नवखा हौशीने प्रत्येक आवडत्या पोकेमॉनचा एकेक पत्ता कोंबतो आणि तो येतच नाही म्हणून नशिबाला बोल लावतो. दुसरे असे की पहिल्या हातात मूळ अवस्थेतला एकही पोकेमॉन नसेल तर हात उघडा दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि समोरच्याला एक पत्ता जास्त घेता येतो. साठांत असे पोकेमॉन आठच ठेवले तर साधारण तीनातल्या एका डावात ही पाळी येते. अकरावीतली संभाव्यता मुलांना कंटाळवाणी वाटते ना, ती इथे शिकवून पाहावी.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: हा जुगार का? 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो, आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याची ठरवली. पण माझे उत्तर कायद्याचे नाही. या खेळात जुगार फडावर नसतो, दुकानात असतो. बंद पाकिटात काय निघेल ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. पत्त्याच्या कोपऱ्यातले वर्तुळ म्हणजे सर्रास मिळणारा, चौकट म्हणजे थोडा कमी, चांदणी म्हणजे दुर्मीळ. त्या चांदणीपायी पोरगे पाकिटामागून पाकीट फोडत जाते. म्हणून सुरुवात पाकिटांनी करू नये. आयते बांधलेले दोन डेक घ्यावेत, तेच आलटून पालटून खेळावेत, आणि मग हवा तो पत्ता सुटा घ्यावा किंवा अदलाबदलीत मिळवावा. जमवणे आणि खेळणे हे दोन वेगळे शौक आहेत. दोन्ही चांगले, पण खर्च वेगळा.

शाळेजवळच्या दुकानांत दहा-वीस रुपयांना मिळणारे सोनेरी प्लास्टिकचे पत्ते बहुतेक नकली असतात. पाठीचा निळा रंग फिका, अक्षरे जाडीभरडी, शक्तीचे आकडे अवाच्या सव्वा. अस्सल पत्त्याच्या कडेला बारकाईने पाहिले तर दोन पांढऱ्या थरांमध्ये काळसर रेघ दिसते. नकली पत्ते स्पर्धेत चालत नाहीत, पण घरच्या ओट्यावर नियम शिकायला चालतात. त्यासाठी पोराला रागावू नये.

शेवटी एक विनंती. हा अभ्यास नवा आहे आणि त्याची साधने रद्दीत जात आहेत. कोणाकडे जुने ट्रम्प कार्ड, चिप्सच्या पुड्यांतल्या चकत्या, मुलांनी पुठ्ठ्यावर स्वतः काढलेले पत्ते असतील तर जपून ठेवा, आणि आपल्या गल्लीत ते कोणत्या नियमांनी खेळले जात होते ते तारीख-गाव घालून एका कागदावर लिहून ठेवा. अहिराणीत लिहिले तर अधिक बरे.