गाजलेले, पण डावललेले

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, समोरच्या संघाची फळी फोडत यार्डायार्डाने पुढे सरकण्याचा तो खेळ आहे. १८६९ साली दोन महाविद्यालयांमध्ये झालेल्या सामन्यापासून त्याचा आरंभ मानतात. व्यावसायिक संघांची संघटना, म्हणजे आजची ‘नॅशनल फुटबॉल लीग’, उभी राहिली ती त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९२० साली. त्यामुळे कॉलेजचा फुटबॉल तिथे व्यावसायिक खेळाची पहिली पायरी एवढाच कधी नव्हता. त्याला स्वतःचा इतिहास आहे, स्वतःची दैवते आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अशा मैदानांवर तीन-चार वर्षे गाजलेला, क्वचित देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइसमन करंडक पटकावलेला तरुण व्यावसायिक संघांच्या दाराशी उभा राहतो, आणि आत त्याचे नावही कुणी उच्चारत नाही. असे का व्हावे?

स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे पारखी, यांची नजर चुकते, हे याचे सोपे उत्तर झाले. पण इतिहास पाहू गेल्यास नजरेपेक्षा प्रश्नच चुकलेला दिसतो. प्रेक्षक विचारतो, ‘याने काय केले?’ पारखी विचारतो, ‘हा कुणासारखा आहे?’ पूर्वी यशस्वी झालेल्यांच्या साच्यात जो बसतो तो पुढेही यशस्वी होईल, या गृहीतकावर त्याचा सारा व्यवहार चालतो. साच्याबाहेरच्याला संधीच मिळत नाही, म्हणून तो अपयशीही ठरत नाही आणि यशस्वीही ठरत नाही. साचा मात्र खरा ठरत राहतो.

ही व्यवस्था पहिल्यापासून अशी नव्हती. व्यावसायिक संघांनी कॉलेजातील खेळाडू आळीपाळीने निवडावेत आणि सर्वांत दुबळ्या संघाने आधी निवड करावी, ही ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. फळ्यावर ९० नावे होती. ती जमवण्यासाठी पगारी पारखी कुणाकडेच नव्हते. वर्तमानपत्रे, ओळखीचे प्रशिक्षक आणि ऐकीव कीर्ती हीच साधने होती. म्हणजे त्या वर्षी गाजलेला तोच निवडलेला असे जवळजवळ समीकरण होते. पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर यांचे. पहिल्या हाइसमन करंडकाचे मानकरीही तेच. गंमत अशी की बरवँगर व्यावसायिक फुटबॉल एकही दिवस खेळले नाहीत. शिकागो बेअर्स संघाचे जॉर्ज हॅलस यांच्याकडे त्यांनी दोन वर्षांसाठी २५,००० डॉलर मागितले आणि बोलणी तिथेच संपली. त्या वर्षी निवडलेल्या ८१ जणांपैकी निम्म्याहून अधिक जण या धंद्यात उतरलेच नाहीत. पदवीधराला नोकरीत अधिक मान आणि बहुधा अधिक पैसाही होता. खेळाडूने व्यवसायाला डावलावे, असे ते दिवस होते.

मात्र त्याच काळात काही नावे फळ्यावर येऊच शकत नव्हती. १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असा लिखित नियम कुठे नव्हता. मालकांच्या मौनानेच काम भागत होते. केनी वॉशिंग्टन १९३९ च्या हंगामात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे खेळत होते. पुढे बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत फोडणारे जॅकी रॉबिन्सन त्यांचे सहखेळाडू. त्या वर्षी धावून आणि चेंडू फेकून मिळवलेल्या एकूण यार्डांत वॉशिंग्टन देशात पहिले होते. ड्राफ्टमध्ये त्यांना कुणीही घेतले नाही. १९४६ साली क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला. तेथील कॉलिसियम हे मैदान सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले होते. ज्या मैदानासाठी आम्हीही कर भरतो तिथे वर्णभेद चालणार नाही, असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला आणि वॉशिंग्टन यांच्याशी करार झाला. तोवर वयाची आणि गुडघ्यांची उमेदीची वर्षे सरली होती. तरीही १९४७ साली त्यांनी एकाच चालीत ९२ यार्ड धाव घेतली. गेलेल्या सहा वर्षांत काय घडू शकले असते, हे सांगणारा तेवढाच एक आकडा.

युद्धोत्तर काळात पारख हा पगारी पेशा झाला आणि १९६० च्या दशकात त्याला यंत्राची जोड मिळाली. डॅलस काउबॉइज संघाने संगणकावर खेळाडूंची प्रतवारी करायचे ठरवले. ते काम ज्या संख्याशास्त्रज्ञाकडे आले ते सलाम कुरेशी भारतात जन्मलेले. या खेळाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. त्यांच्यापुढची पहिली अडचण गणिताची नव्हती, भाषेची होती. ‘चपळ’, ‘जिद्दी’, ‘सावध’ ही विशेषणे प्रत्येक पारखी आपापल्या अर्थाने वापरत होता. ती नेमकी करून आकड्यांत बसवल्याशिवाय यंत्राला काही सांगता येत नव्हते. समीक्षेच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. शब्द नेमके करण्यात लाभ होता. पारख्याच्या लहरीला त्यामुळे लगाम बसला. पण जे आकड्यात मावते तेच गुण, अशी समजूतही हळूहळू रुजली. १९८२ पासून होतकरू खेळाडूंना एकत्र बोलावून मोजण्याचा वार्षिक सोहळा सुरू झाला. उंची, वजन, तळहाताची लांबी, ४० यार्ड धावायला लागणारे सेकंद, शिवाय १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडवण्याची बुद्धिचाचणी. ही चाचणी २०२२ मध्ये बंद झाली; बाकीची मोजमापे आजही चालू आहेत. चार वर्षांच्या खेळाशेजारी चार दिवसांची मोजदाद येऊन बसली.

मोजमापाच्या आड जुना पूर्वग्रह कसा सुखाने नांदतो, हे वॉरन मून यांच्या उदाहरणात दिसते. क्वार्टरबॅक हा या खेळातला सूत्रधार. चाल तो सुरू करतो, निर्णय तो घेतो. कृष्णवर्णीय खेळाडू धावेल, अडवेल, झेल घेईल, पण निर्णय घेणे त्याचे काम नव्हे, ही समजूत भिंत पडल्यानंतरही टिकून होती. मून यांनी जानेवारी १९७८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला प्रतिष्ठेचा रोझ बाउल सामना जिंकून दिला आणि त्या सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. जागा बदल, दुसऱ्या कामासाठी तुला घेऊ, असे त्यांना सुचवले जात होते. त्यांनी नकार दिला. त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या बाराही फेऱ्यांत त्यांचे नाव आले नाही. ते कॅनडात गेले, एडमंटनच्या संघाने १९७८ ते १९८२ असे सलग पाच वेळा ग्रे कप जिंकला आणि १९८४ साली ह्यूस्टनच्या संघाने त्यांना सन्मानाने परत बोलावले. २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांची निवड झाली, हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

डग फ्लूटी यांच्या आड वर्ण नव्हता, उंची होती. ५ फूट १० इंच उंचीच्या सूत्रधाराला समोरच्या धिप्पाड फळीपलीकडचे दिसणार कसे, हा प्रश्न तर्काला धरून होता. पण २३ नोव्हेंबर १९८४ रोजी मायामीविरुद्ध अखेरच्या क्षणी त्यांनी फेकलेला लांब चेंडू झेलला गेला, बोस्टन कॉलेज ४७-४५ असे जिंकले आणि पाठोपाठ हाइसमन करंडकही त्यांना मिळाला. पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये त्यांचा क्रमांक लागला तो २८५ वा. प्रतिस्पर्धी लीगशी त्यांनी आधीच करार केला होता, हेही त्याचे एक कारण होते. परंतु त्यानंतरही अमेरिकेत त्यांना स्थिर जागा मिळाली नाही. तेही कॅनडात गेले, तिथे सहा वेळा वर्षातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरले आणि १९९८ मध्ये बफेलोच्या संघात परतून, वयाच्या छत्तिशीत, तर्काला उत्तर देऊन गेले.

येथे पारख्यांची बाजूही नोंदवली पाहिजे, नाहीतर हा इतिहास निव्वळ अन्यायकथा होईल. नेब्रास्काला १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे टॉमी फ्रेझर निवडले गेले नाहीत. त्यांना रक्तात गुठळ्या होण्याचा आणि आतड्यांचा विकार होता. २००३ चे हाइसमन विजेते जेसन व्हाइट २००५ मध्ये डावलले गेले, तेव्हा त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली होती. १९९३ चे विजेते चार्ली वॉर्ड पहिल्या फेरीत निवड झाली तरच फुटबॉल खेळू म्हणाले. संघांनी जोखीम घेतली नाही आणि ते न्यूयॉर्ककडून बास्केटबॉल खेळू लागले. शिवाय कॉलेजचा खेळ हा कित्येकदा निराळ्या व्याकरणाचा खेळ असतो. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक स्वतः धावण्यासाठी घडवलेला असे. व्यावसायिक संघांना फेकणारा हवा असे. ह्यूस्टन विद्यापीठाचे केस कीनम यांनी १९,२१७ यार्डांचा विक्रम केला, बॉइसी स्टेटच्या केलन मूर यांनी ५० सामने जिंकून केवळ ३ गमावले. २०१२ मध्ये दोघेही निवडीविना राहिले. कीर्ती खेळाडूची किती आणि त्याच्या संघाच्या रचनेची किती, हा पारख्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. कीनम पुढे अनेक हंगाम व्यावसायिक मैदानावर खेळले, हेही तितकेच खरे.

मग योग्य पारख कशी असते? पिट्सबर्गचे बिल नन हे मुळात पत्रकार. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात ते कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ दरवर्षी जाहीर करीत. व्यावसायिक संघ त्याकडे लक्ष देत नसत. स्टीलर्स संघाने १९६७ मध्ये त्यांनाच कामाला घेतले. अलाबामातील जॉन स्टॉलवर्थ यांची धाव ओल्या मैदानावर मोजली गेली. आकडा सामान्य आला आणि बाकीचे पारखी निघून गेले. नन मागे थांबले आणि कोरड्या मैदानावर त्यांनी पुन्हा वेळ घेतली. १९७४ मध्ये चौथ्या फेरीत स्टॉलवर्थ पिट्सबर्गला मिळाले. त्याच वर्षी १७ फेऱ्यांत कुणीही न घेतलेले डॉनी शेल यांनाही नन यांच्या शिफारशीने संघात जागा मिळाली. आज हे दोघेही आणि स्वतः नन ‘हॉल ऑफ फेम’मध्ये आहेत. नन यांची नजर इतरांहून तीक्ष्ण होती, असे म्हणता येईल. पण ते दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले, हे अधिक महत्त्वाचे.

साचे बदलतात. फ्लूटींच्याच उंचीचे कायलर मरी २०१९ मध्ये ड्राफ्टमधील पहिले नाव ठरले. पण साचे सावकाश बदलतात. २०१६ चे हाइसमन विजेते लमार जॅक्सन यांनी क्वार्टरबॅकची जागा सोडावी, असे २०१८ मध्येही जाहीरपणे सुचवले गेले. पहिल्या फेरीत ते अगदी शेवटी, ३२ वे निवडले गेले आणि २०१९ च्या हंगामात सर्व मते मिळवून लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

या साऱ्या कथांत एक समान धागा आहे. पारख्यांची चूक आपल्याला कळते ती त्या खेळाडूला दुसरे दार सापडले म्हणून. मून यांना कॅनडा होता, वॉशिंग्टन यांना करदात्यांचे मैदान होते, शेल यांना मागे थांबणारा एक पत्रकार होता. ज्यांना असे दार सापडले नाही, त्यांच्याबाबत पारखी बरोबर होते असेच नोंदवहीत राहते, कारण ते खोटे ठरवणारा पुरावा निर्माणच झाला नाही. साहित्याचा इतिहास शिकवताना आपण ‘काळाच्या कसोटीला उतरलेले’ असे सहज म्हणून जातो. काळाने ज्यांची कसोटी घेतलीच नाही, त्यांचा हिशेब त्या वाक्यात कुठेच नसतो.